वाढवता येईल

फ्लोरेस बेटावर धावपट्टी गावाला इतकी खेटून आहे
की विमानाचा आवाज आला की शाळेतला मास्तर
फळ्यावरचा खडू थांबवतो, आणि वाक्य
आवाज गेल्यावर पुढे नेतो.

त्या गुरुवारी ढग डोंगरावरून खाली आला
आणि पाहुण्यासारखा बसला. उठेचना.
दुसरं उड्डाण चाळीस मिनिटं उशिरा,
तिसरं दोन तास,
चौथं अजून जमिनीवरच.

कॅप्टन ओलिंदा फुर्तादोने सकाळी सहा दहाला सही केली होती.
चार उड्डाणं, म्हणजे बारा तास,
म्हणजे संध्याकाळी सहा दहा.
आता पाच पन्नास. पोन्ता देल्गादा सव्वा तासावर.

पुस्तिकेत कॉफीचा डाग पडलेल्या पानावर वाक्य होतं:
अनपेक्षित कारणाने कप्तानाला ही मुदत
दोन तासांपर्यंत वाढवता येईल.

फोनवर कचेरीतला माणूस म्हणाला,
कायद्यात बसतंय, कॅप्टन.
ती म्हणाली, बसतंय खरं.
पण आपल्याला उडायचंय.

लिस्बनला शिकवणारे म्हातारे सर
आकडे पाठ करणाऱ्यांवर चिडायचे.
आकडे कुणीही वाचेल, क्रियापद वाचा.
कुठे "करावंच" आहे, कुठे नुसतं "करावं",
कुठे "करता येईल".
त्या एका "च"साठी माणसं जगतात, असं म्हणून
ते रुमालाने चष्मा पुसत बसायचे,
आणि पोरं मागच्या बाकावर हसायची.
ओलिंदाही हसली होती.

या वाक्यात "च" नव्हता.
पण त्याच वाक्याच्या पोटात आणखी एक वाक्य होतं,
सोबतच्यांना विचारून.
त्यात मात्र सुटका नव्हती.

तेल्मोला विचारलं. तेल्मो म्हणाला, ठीक.
तेल्मो दात काढल्यावरही ठीकच म्हणतो.
मारिझाला विचारलं.
मस्त, कॅप्टन! असं म्हणून ती वळली,
खुर्च्यांवर बोट फिरवत माणसं मोजली: एकोणतीस.
परत मोजली: एकतीस.
कागदावर तारीख घातली बुधवारची.

मग ओलिंदाने उरलेल्या तिसऱ्या माणसाला विचारलं.
त्याने उत्तर दिलं नाही.
तो तेच वाक्य चौथ्यांदा वाचत होता.

नाही, ती फोनवर म्हणाली.
नाही म्हणजे नाही. दहा तास विश्रांती,
त्यातले आठ झोपेचे. सकाळी बघू.

आणि नेमका तेव्हा ढग उठला.
असा उठला की कॉर्व्होचं बेट समुद्रावर स्वच्छ दिसू लागलं,
गायी दिसल्या, गायींच्या सावल्या दिसल्या.
तीस माणसं काचेला नाक लावून
मोकळं आभाळ बघत राहिली
आणि त्याखाली उभं असलेलं आपलं विमान.

बेल्मिरो तावारेस हातात मेणबत्ती घेऊन आला,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, हाताएवढी.
उद्या सकाळी नऊला नातीचा बाप्तिस्मा.
मेणबत्ती मी धरायची आहे, तो म्हणाला.
ढग गेला, बाई. बघा तरी वर.
बघितलं, ती म्हणाली.
वाऱ्याला दोष देता आला असता. धावपट्टीलाही.
ती म्हणाली, आम्ही थकलोय.
तो तिच्या खांद्यावरच्या चार पट्ट्यांकडे बघत राहिला,
जणू त्या थकतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री पाहुणघरात तिने अर्ज शोधला.
मुदत वाढवली तर कारण लिहायला रकाना आहे.
न वाढवली तर काहीच नाही.
जे घडलं नाही ते कुठे लिहायचं
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
झोप लवकर लागली नाही, तेही खरं.
खिडकीत चांदणं, अगदी निर्लज्ज.

सकाळी मारिझाने माणसं मोजली. तीस.
एकदाच मोजली.
सात-ब वर बेल्मिरो, मांडीवर मेणबत्ती,
पट्टा मेणबत्तीवरून नको म्हणून तिने ती सरळ केली.
नऊ वाजून वीस झाले होते.
तो तिला ओब्रिगादो म्हणाला.
दाराशी उभ्या असलेल्या कॅप्टनला काही म्हणाला नाही.
तिनेही मान किंचित हलवली
आणि आत जाऊन
आकड्यांची यादी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.